क्षीण सेलमधील शिल्लक ऊर्जा : दाब वाढविण्याचे शास्त्र आणि त्याचा हिशेब

विजेरीचा उजेड पिवळट पडू लागला की तिच्यातील सेल काढून टाकण्याची रीत घरोघरी आहे. हेच सेल भिंतीवरील घड्याळात बसविले तर ते घड्याळ पुढे कित्येक आठवडे बिनतक्रार चालते, हाही अनेकांचा अनुभव आहे. एका उपकरणाने मृत ठरविलेला सेल दुसऱ्या उपकरणाला पुरतो. याचा अर्थ उघड आहे. सेलमधील ऊर्जा पूर्णपणे संपलेली नसते. तिचा दाब मात्र उतरलेला असतो.

हा उतरलेला विद्युतदाब वाढवून शिल्लक ऊर्जा कामी लावण्याची विद्या आता चांगलीच रुळली आहे. एका सेलवर चालणारी पांढऱ्या उजेडाची विजेरी आणि खिशात मावणारी पॉवर बँक ही तिचीच उदाहरणे होत. तथापि या विद्येविषयी दोन गैरसमज आढळतात. काहींना तिची माहितीच नसते व अर्धेमुर्धे वापरलेले सेल उकिरड्यावर जातात. काहींना दाब वाढला म्हणजे ऊर्जाही वाढली असे वाटते व ते अतिरंजित जाहिरातींना बळी पडतात. शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र यांना लहान विद्युत उपकरणांची खरेदी वरचेवर करावी लागते. म्हणून या विषयाची मूळ तत्त्वे आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे हिताचे ठरेल.

सेल ‘संपतो’ म्हणजे काय?

बाजारात मिळणाऱ्या साध्या व अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. नवा अल्कलाइन सेल प्रत्यक्षात १.६ व्होल्टच्या आसपास दाब देतो. वापराबरोबर हा दाब उतरत जातो व ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत आला की सेल रिता झाला असे मानतात. पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्ट असतो.

याउलट प्रत्येक उपकरणाची दाबाची गरज ठरलेली असते. जुन्या विजेरीतील तारेचा दिवा कमी दाबावर मंद का होईना, पण जळत राहतो. पांढरा एलईडी दिवा तसे करीत नाही. त्याला ३ व्होल्टच्या आसपास दाब मिळाल्याखेरीज तो नीट उजळत नाही. म्हणजे एक नवा कोरा सेल थेट जोडला तरी हा दिवा लागत नाही. सेलमध्ये दिवा तासन् तास चालविण्याइतकी ऊर्जा असूनही केवळ दाबाअभावी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

याशिवाय सेलचा अंतर्गत रोध विचारात घ्यावा लागतो. सेल जुना होत जातो तसा त्याच्या आतील रोध वाढतो. अशा सेलमधून थोडा प्रवाह घेतला तर दाब टिकून राहतो. जास्त प्रवाह घेऊ गेल्यास तो एकदम कोसळतो. भिंतीवरील घड्याळाला अत्यल्प प्रवाह लागतो. म्हणूनच विजेरीने नाकारलेला सेल घड्याळाला चालतो. येथे कोणत्याही यंत्रणेची गरज पडत नाही. सेल योग्य जागी हलविला एवढेच.

पाण्याचा धक्का आणि विजेचा धक्का

कमी दाबापासून जास्त दाब कसा मिळतो, हे समजण्यासाठी पाण्याचे उदाहरण उपयोगी पडेल. डोंगराळ भागात इंजिनाशिवाय पाणी वर चढविणारा ‘हायड्रॉलिक रॅम’ नावाचा पंप असतो. फ्रान्समधील जोसेफ माँगोल्फ्ये यांनी १७९६ साली तो स्वयंचलित स्वरूपात सिद्ध केला. यात ओढ्याचे पाणी उतारावरील नळातून वेगाने वाहू देतात. वेग पुरेसा वाढला की एक झडप एकाएकी मिटते. धावत्या पाण्याला थांबणे भाग पडते, त्याचा धक्का बसतो आणि त्या धक्क्याने थोडे पाणी मूळ पातळीपेक्षा पुष्कळ उंच चढते. झडप पुन्हा उघडते व हेच चक्र चालू राहते. पुष्कळ पाणी थोड्या उंचीवरून खाली येते आणि त्याच्या बळावर थोडे पाणी अधिक उंचीवर जाते. नळाची तोटी झटकन बंद केल्यावर भिंतीतील नळ जो ‘धड्’ असा आवाज करतो, तोही याच धक्क्याचा प्रकार होय.

विजेच्या मंडलात धावत्या पाण्याच्या नळाचे काम तारेचे वेटोळे करते. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्यात ऊर्जा साठते. प्रवाह एकाएकी तोडला तर हे क्षेत्र मावळू लागते आणि वेटोळे आपला प्रवाह चालू ठेवण्यासाठी स्वतःच मोठा दाब निर्माण करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी त्याच सुमारास वेटोळ्याच्या या स्वप्रवर्तनाचा अभ्यास केला. मोटारीच्या इंजिनात १२ व्होल्टच्या बॅटरीपासून हजारो व्होल्टची ठिणगी पाडणारी कॉइल याच तत्त्वावर चालते.

आधुनिक दाबवर्धकात चार मुख्य भाग असतात : वेटोळे, कळ, डायोड आणि धारित्र. कळ म्हणून ट्रान्झिस्टर वापरतात. तो सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वेळा उघडझाप करतो. कळ मिटलेली असताना सेलचा प्रवाह वेटोळ्यातून वाहतो व तेथे ऊर्जा साठते. कळ उघडली की वेटोळ्याचा दाब सेलच्या दाबात मिळविला जातो आणि हा वाढीव दाब डायोडमार्गे धारित्रात जातो. डायोड वीज मागे येऊ देत नाही. येथे तो पंपातील उलट्या झडपेचे काम करतो. धारित्र ही वरची टाकी होय. तिच्यातून उपकरणाला अखंड पुरवठा होतो.

दाब किती पटीने वाढणार, हे कळ किती वेळ मिटलेली राहते यावर ठरते. प्रत्येक आवर्तनाचा अर्धा वेळ कळ मिटलेली असेल तर, गळती जमेस धरली नाही तर, दाब दुप्पट होतो. दोनतृतीयांश वेळ मिटलेली असेल तर तो तिप्पट होतो, म्हणजे १.२ व्होल्टचे ३.६ व्होल्ट होतात. सेल उतरत गेला की नियंत्रक मंडल कळ मिटण्याचा वेळ आपोआप वाढविते व बाहेरचा दाब कायम राखते.

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही

दाब तिप्पट झाला म्हणून ऊर्जा तिप्पट झाली असे नव्हे. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि बाहेर मिळणारी शक्ती आत दिलेल्या शक्तीपेक्षा कधीही अधिक असू शकत नाही. दाब वाढवायचा तर सेलमधून त्या प्रमाणात जास्त प्रवाह ओढावा लागतो. शिवाय वाटेत थोडी गळती होतेच.

एका विजेरीचा हिशेब पाहू. तिच्या एलईडीला ३ व्होल्ट दाबाने ६० मिलिअँपिअर प्रवाह हवा आहे असे समजू. म्हणजे ०.१८ वॅट शक्ती लागेल. दाबवर्धकाची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर सेलला ०.२२५ वॅट पुरवावे लागतील. सेलचा दाब १.५ व्होल्ट असताना त्यासाठी १५० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. दाब १ व्होल्टवर आला की २२५ मिलिअँपिअर लागतात आणि ०.९ व्होल्टवर २५०. सेल जितका थकतो तितके अधिक ओझे त्याच्यावर पडते, ही या पद्धतीची अंगभूत अडचण आहे.

अंतर्गत रोधाचा परिणाम येथे स्पष्ट दिसतो. काहीही न जोडता १.३ व्होल्ट दाखविणारा एक जुना सेल घ्यावा. त्याचा अंतर्गत रोध १ ओम असेल तर तो जास्तीत जास्त सुमारे ०.४२ वॅट शक्ती देऊ शकतो व वरील विजेरी चालते. हाच रोध २ ओम झाला तर कमाल शक्ती ०.२१ वॅटवर येते. विजेरीची गरज ०.२२५ वॅट असल्याने ती पूर्ण उजेडाने चालणे अशक्य होते. मीटरवर दाब मात्र दोन्ही वेळा १.३ व्होल्टच दिसतो. म्हणून सेलची परीक्षा नुसता मीटर लावून करू नये. थोडा भार जोडून दाब किती उतरतो ते पाहावे.

पॉवर बँकेविषयी नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारीचे उत्तरही याच हिशेबात आहे. तिच्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो. तो सामान्यतः आतील ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलचा असतो. म्हणजे साठा ३७ वॅट-तासांचा झाला. बाहेर ५ व्होल्ट दाबाने वीज द्यायची असल्याने, काहीही गळती न होता, तो आकडा ७,४०० होतो. कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास सुमारे ६,३०० उरतात. ग्राहकाला ही फसवणूक वाटते, परंतु वस्तुतः तो दाब वाढविण्याचा नैसर्गिक परिणाम आहे. खरेदी करताना मिलिअँपिअर-तासांऐवजी वॅट-तासांची तुलना करणे अधिक योग्य.

ऊर्जेची गळती कोठे होते?

चांगल्या बनावटीचा दाबवर्धक ८० ते ९० टक्के, अनुकूल परिस्थितीत त्याहूनही अधिक कार्यक्षमता देतो. निकृष्ट बनावटीत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गळतीची मुख्य ठिकाणे चार आहेत.

पहिले ठिकाण डायोडचे. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट दाब खर्च होतो. शॉट्की प्रकारच्या डायोडवर तो ०.२ ते ०.४ व्होल्ट असतो. मूळ सेलच एक व्होल्टचा असताना हा फरक लहान नाही. म्हणून उत्तम मंडलांत डायोडऐवजी योग्य क्षणी उघडझाप करणारा दुसरा ट्रान्झिस्टर वापरतात. दुसरे ठिकाण वेटोळ्याचे. तार बारीक असेल तर तिचा रोध वाढतो. गाभा अपुरा असेल तर तो चुंबकत्वाने संपृक्त होतो व प्रवाह निष्कारण वाढतो. तिसरे ठिकाण कळेचे. ट्रान्झिस्टर पूर्ण मिटत नसेल किंवा संथपणे उघडत असेल तर तो तापतो. चौथे ठिकाण म्हणजे नियंत्रक मंडलाचा स्वतःचा खर्च. उपकरण बंद असतानाही हे मंडल थोडा प्रवाह घेत राहिले तर न वापरलेला सेलही काही महिन्यांत उतरतो. विजेरीसाठी हा दोष किरकोळ, परंतु वर्षभर चालणाऱ्या घड्याळासारख्या उपकरणात तोच निर्णायक ठरतो. अत्यल्प वीज खाणाऱ्या उपकरणाला दाबवर्धक जोडला तर दारापेक्षा अडसर मोठा अशी स्थिती होते.

आणखी एक अडचण आरंभाची आहे. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला जागे होण्यासाठीच सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. त्यामुळे त्याहून कमी दाबावर साधे मंडल सुरू होत नाही. खास रचनेच्या आयसी याहून खालीही काम करतात. उष्णतेपासून वीज निर्माण करणाऱ्या लहान पट्ट्यांसाठी तर, छोट्या रोहित्राच्या साह्याने, २० मिलिव्होल्टपासून सुरू होणारी मंडले तयार झाली आहेत.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

हे तत्त्व माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात दाखविता येते. १९९९ साली एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात प्रसिद्ध झालेले एक साधे मंडल पुढे ‘जूल थीफ’, म्हणजे ‘जूल-चोर’, या नावाने जगभर लोकप्रिय झाले. जूल हे ऊर्जेचे एकक असल्याने सेलमधील उरलीसुरली ऊर्जा पळविणारे मंडल असा हा श्लेष आहे.

त्यासाठी फेराइटचे एक लहान कडे, वार्निशचे आवरण असलेली तांब्याची तार, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, १,००० ओमचा रोधक आणि एक पांढरा एलईडी एवढे साहित्य लागते. दोन तारा एकत्र धरून कड्यावर पंधरा-वीस वेढे द्यावेत. पहिल्या तारेचे आरंभीचे टोक आणि दुसरीचे शेवटचे टोक एकमेकांस जोडून ते सेलच्या धनाग्रास लावावे. उरलेल्या दोन टोकांपैकी एक रोधकामार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला व दुसरे कलेक्टरला जोडावे. एमिटर सेलच्या ऋणाग्रास जोडावा. एलईडीचे धन टोक कलेक्टरला व ऋण टोक एमिटरला लावावे. दिवा लागला नाही तर एका तारेची दोन टोके आपापसांत बदलून पाहावीत. तारेच्या टोकांवरील वार्निश खरवडण्याचे विसरू नये; बहुतेक अपयशाचे कारण तेच असते.

थेट जोडल्यावर न लागणारा दिवा विजेरीने टाकून दिलेल्या एका सेलवर उजळलेला पाहणे, हा विद्यार्थ्यांना आनंदाचा अनुभव असतो. परंतु प्रयोग तेथे थांबवू नये. खरा धडा मोजमापात आहे. सेलला समांतर एक मोठे धारित्र जोडावे. एलईडी काढून त्याच्या जागी डायोड, धारित्र व रोधक जोडावेत आणि आत किती शक्ती जाते व बाहेर किती येते हे मीटरने मोजावे. समजा, आत १.२ व्होल्ट व ४० मिलिअँपिअर, म्हणजे ४८ मिलिवॅट जात आहेत आणि बाहेर १,००० ओमच्या रोधकावर ५ व्होल्ट, म्हणजे २५ मिलिवॅट मिळत आहेत. तर कार्यक्षमता ५२ टक्के झाली. उरलेली ऊर्जा कोठे गेली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. डायोड बदलून, तार जाड घेऊन, वेढे कमीअधिक करून हा आकडा कसा बदलतो ते त्यांना शोधू द्यावे. भार न जोडता मंडल चालू ठेवू नये. धारित्रावरील दाब बेसुमार वाढून भाग निकामी होतात.

जुन्या उपकरणाला दाबवर्धक जोडावा काय?

२०१५ साली अमेरिकेत, सेलवर चढवायच्या एका बारीक पट्टीचा मोठा गाजावाजा झाला. तीमधील दाबवर्धकामुळे सेलचे आयुष्य आठ पटींपर्यंत वाढेल, असा दावा करण्यात आला. सेलचा दाब थोडा उतरला की उपकरणे बंद पडतात व बहुतांश ऊर्जा सेलमध्ये तशीच राहते, हे त्यामागील गृहीत होते. स्वतंत्र चाचण्यांत हा दावा टिकला नाही. कारण सरळ आहे. बहुतेक उपकरणे प्रत्येक सेल १.१ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत चालतात, आणि तोवर सेलमधील बहुतांश ऊर्जा वापरली गेलेली असते. उरलेल्या अल्प साठ्यातून वर्धकाची गळती वजा केली तर हाती फारसे लागत नाही. उलट, सेल नवा असतानाही वर्धक मधे असल्याने प्रारंभापासूनच ऊर्जा वाया जाते.

यावरून निष्कर्ष असा की दाबवर्धकाची खरी जागा उपकरणाच्या मूळ रचनेत आहे. तीन सेलऐवजी एकाच सेलवर चालणारी विजेरी बनविणे, सेल उतरत गेला तरी उजेड सारखा ठेवणे, हे त्याचे खरे काम. चालू उपकरणाला बाहेरून वर्धक जोडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : उपकरण किती दाबावर बंद पडते, त्याला किती प्रवाह लागतो आणि वर्धक स्वतः किती खातो. जागेची अडचण नसेल तर एक सेल अधिक जोडणे हाच पुष्कळदा सर्वांत कार्यक्षम उपाय असतो.

कोठे सावध राहावे?

पहिली सावधगिरी सुरक्षिततेची आहे. तारेच्या दिव्याची जुनी विजेरी हळूहळू मंद होऊन आगाऊ सूचना देत असे. दाबवर्धक असलेली विजेरी, विशेषतः उजेड सारखा राखणारी, शेवटपर्यंत तेजस्वी राहून एकाएकी विझू शकते. पुराच्या रात्री किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला नेताना असे घडले तर त्याचे मोल सेलच्या किमतीत करता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या आपत्कालीन साहित्यात म्हणूनच नवे सेल, त्यांवरील मुदत पाहून, वेगळे ठेवावेत. थकलेले सेल रोजच्या किरकोळ कामाला वापरावेत.

रक्तदाब मोजणारी व तत्सम आरोग्याची उपकरणे सेलचा दाब उतरल्याची सूचना पडद्यावर देतात. बाहेरून जोडलेला वर्धक ही सूचनाच झाकून टाकतो. अशा उपकरणांत उत्पादकाने सांगितलेलेच ताजे सेल वापरणे श्रेयस्कर.

पुन्हा भारित करता येणारे सेल तळापर्यंत पिळून काढणे हानिकारक असते. निकेल-मेटल हायड्राइड सेल १ व्होल्टच्या आसपास व लिथियम-आयन सेल सामान्यतः ३ व्होल्टवर थांबविणे इष्ट. ‘जूल-चोर’ मंडलाला असे थांबणे ठाऊक नसते. म्हणून ते केवळ टाकाऊ प्राथमिक सेलवरच चालवावे. साध्या सेलमध्ये जस्ताचे डबडे हेच ऋणाग्र असते. ते वापराबरोबर झिजते व अखेर त्यातून द्रव पाझरतो. अल्कलाइन सेलमधून पाझरणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड दाहक असते. रिते सेल उपकरणात तसेच ठेवले तर वाचविलेल्या ऊर्जेपेक्षा गमावलेल्या उपकरणाची किंमत अधिक होते.

शेवटची पायरी

पूर्ण वापरलेला सेलही कचऱ्यात टाकण्याची वस्तू नव्हे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. ते लहानमोठ्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि ग्राहकांनीही त्या अन्य कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्यांकडे द्याव्यात, अशी अपेक्षा ठेवली आहे. शाळेत किंवा ग्रामपंचायत कार्यालयात एक झाकणाचा डबा ठेवून याचा प्रारंभ करता येईल. त्या डब्याशेजारी एक साधा मीटर असला तर आणखी एक गोष्ट साधेल : डब्यात पडण्यापूर्वी प्रत्येक सेलची परीक्षा होईल व ज्यात जीव आहे तो घड्याळाकडे किंवा प्रयोगशाळेकडे वळेल.

दाब वाढविण्याची विद्या नवी ऊर्जा निर्माण करीत नाही; असलेली ऊर्जा कामाच्या पातळीवर आणून देते, आणि त्याबद्दल आपला मोबदलाही घेते. हा मोबदला किती, हे मोजण्याची सवय लागली तर सेलचा अपव्यय टळेल आणि अवास्तव जाहिरातींचा मोहही आपोआप ओसरेल.